लॉगिन स्क्रीनवर आपला फोटो: तो तिथे का टिकत नाही आणि कसा टिकवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेस्कटॉपवर विंडोज ११ आणि लिनक्स मिंट दोन्ही आहेत. दोन्हीकडे पासवर्ड टाकण्याच्या स्क्रीनवर एकच आवडता फोटो हवा आहे. विंडोजमध्ये तो येतो, पण पासवर्डची चौकट उघडली की धूसर होतो. मिंटमध्ये लावलेला फोटो क्षणभर झळकतो आणि त्याच्या जागी दुसरेच चित्र येते, कधी नुसता रंग येतो. शिवाय कुठेतरी 'सिस्टिमची फाइल बदलावी लागते' असे वाचनात आले आहे. तर ती बदलावी का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. तुमच्या दोन्ही सिस्टिममध्ये त्याची अजिबात गरज नाही. बाकीचे समजायला एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. ती समजली की यातल्या बहुतेक अडचणींचा उलगडा आपोआप होतो.

लॉगिन स्क्रीन दिसते तेव्हा संगणकाच्या लेखी तुम्ही अजून आलेलेच नसता. तुमचा डेस्कटॉप, तुमचा वॉलपेपर, तुमच्या सेटिंग्ज हे सगळे पासवर्ड बरोबर निघाल्यानंतर सुरू होते. त्याआधीची स्क्रीन सिस्टिम स्वतः चालवते, आणि तीही वेगळ्या खात्याखाली. विंडोजमध्ये ते 'सिस्टिम' नावाचे खाते असते. मिंटमध्ये 'लाइटडीएम' नावाचे खाते असते. केडीई आणि जीनोम हे लिनक्सचे दुसरे डेस्कटॉप आहेत; केडीई वापरणाऱ्यांकडे बहुधा 'एसडीडीएम' आणि जीनोम वापरणाऱ्यांकडे 'जीडीएम' असते. म्हणून फोटो दोन अटींवरच दिसतो. तो त्या खात्याला वाचता येईल अशा जागी हवा, आणि तो वापरायचा हे सिस्टिमच्या पातळीवर सांगितलेले हवे. तुमच्या स्वतःच्या वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये कितीही बदल केले तरी या दोन्ही अटी त्यातून पूर्ण होतीलच असे नाही.

आता विंडोज. इथे स्क्रीन एक नसून दोन आहेत. घड्याळ दिसते ती लॉक स्क्रीन. कळ दाबल्यावर पासवर्ड किंवा पिनची चौकट येते ती साइन-इन स्क्रीन. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात लॉक स्क्रीन असे जा. तिथे 'विंडोज स्पॉटलाइट'ऐवजी 'पिक्चर' निवडा आणि आपला फोटो द्या. त्याच पानावर खाली लॉक स्क्रीनचे चित्र साइन-इन स्क्रीनवरही दाखवण्याचे बटण आहे, ते चालू ठेवा. ही सोय विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०१६ पासून आहे. त्याआधी मात्र खरोखर हाल होते. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले तेव्हा साइन-इन स्क्रीनवरचे निळ्या खिडकीचे चित्र एका संसाधन-फाइलमध्ये बांधलेले होते. ते बदलायला लोक ती सिस्टिम-फाइल ताब्यात घेऊन पुन्हा लिहीत असत. त्यात चूक झाली की साइन-इन स्क्रीनच येत नसे. विंडोज ७ मध्ये वेगळी वाट होती. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक आकडा १ करायचा आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाने चित्र ठेवायचे. ते २५६ किलोबाइटपेक्षा मोठे असले तर विंडोज काही न बोलता जुनेच चित्र दाखवत असे. तुम्ही वाचलेला सल्ला या काळातला असणार. असे लेख अजून फिरत असतात आणि त्यांवर तारीख पाहायची कुणाला आठवण राहत नाही.

तुमचा फोटो धूसर होतो तो दोष नाही. ते मुद्दाम ठेवलेले आहे. मे २०१९ च्या सुमारास आलेल्या विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून साइन-इन स्क्रीनवर दुधी काचेसारखा पडदा येतो. पासवर्डच्या चौकटीवर लक्ष राहावे हा त्यामागचा हेतू. तो घालवायचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे पर्सनलायझेशनमध्ये कलर्सच्या पानावर जाऊन 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' बंद करणे. पण मग टास्कबार आणि स्टार्ट मेनूचीही पारदर्शकता जाते. मला स्वतःला ती गेलेली आवडते, पण सगळ्यांना आवडेलच असे नाही. दुसरा मार्ग ग्रुप पॉलिसी एडिटरचा, म्हणजे विंडोजचे नियम (पॉलिसी) ठरवण्याच्या साधनाचा. त्यात कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, लॉगॉन या वाटेने जा आणि 'शो क्लिअर लॉगॉन बॅकग्राउंड' चालू करा. यात फक्त साइन-इन स्क्रीनवरचा पडदा जातो, बाकी सगळे जागच्या जागी राहते. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. तिथे हाच परिणाम रजिस्ट्रीतून साधता येतो, पण रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर पहिल्याच मार्गावर थांबा.

विंडोजबद्दल आणखी दोन गोष्टी. तुम्ही सेटिंग्जमधून फोटो निवडता तेव्हा विंडोज त्याची प्रत सिस्टिमच्या स्वतःच्या जागी करून ठेवते. म्हणून मूळ फोटो नंतर हलवला तरी बिघडत नाही. वर सांगितलेल्या दोन्ही अटी विंडोज इथे तुमच्यासाठी गुपचूप पूर्ण करते. दुसरी गोष्ट, एका संगणकावर अनेक खाती असतील तर सुरुवातीला शेवटी साइन-इन केलेल्या व्यक्तीचा फोटो दिसतो. 'माझा फोटो आपोआप बदलला' ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. सर्वांना एकच फोटो सक्तीने दाखवण्याची पॉलिसीही आहे, पण ती अधिकृतपणे एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांसाठी आहे. ती लावली की सेटिंग्जमधली निवड बंद होते आणि काही सेटिंग्ज संस्थेच्या ताब्यात आहेत असा मजकूर दिसू लागतो. ऑफिसच्या संगणकावर हा मजकूर दिसला तर झटापट करू नका, ज्यांनी पॉलिसी लावली त्यांच्याशी बोला.

मिंटचे प्रकरण जास्त रंजक आहे, कारण तुमच्याकडे तिथे बहुधा दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत आहेत.

पहिली गोष्ट त्या झळकण्याची. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत लॉगिन स्क्रीन दाखवण्याचे काम 'स्लिक ग्रीटर' करतो. मेनूमधून ॲडमिनिस्ट्रेशन, मग 'लॉगिन विंडो' उघडा. ते उघडताना पासवर्ड मागितला जातो, कारण ही सेटिंग तुमच्या खात्याची नसून अख्ख्या यंत्राची आहे. पहिल्याच पानावर बॅकग्राउंडसाठी फाइल निवडता येते. त्याच्या आसपास 'ड्रॉ युजर बॅकग्राउंड्स' असा पर्याय आहे. तो चालू असला की ग्रीटर आधी तुम्ही लावलेला फोटो दाखवतो. मग यादीत ज्या व्यक्तीचे नाव निवडलेले असेल तिचा डेस्कटॉप वॉलपेपर शोधून तो वर आणतो. तुमचा फोटो झळकून जाण्याचे कारण हेच. दोन खाती असतील तर बाणाच्या कळांनी नावे वर-खाली करून पाहा, प्रत्येक नावाबरोबर मागचे चित्र बदलताना दिसेल. हा पर्याय बंद करा. फोटोवर बारीक ठिपक्यांची जाळी दिसत असेल तर तिचाही वेगळा पर्याय तिथेच आहे. एकाहून जास्त मॉनिटर असतील तर चित्र सगळ्यांवर मिळून ताणायचे की नाही, तेही तिथेच ठरते.

दुसरी गोष्ट नुसता रंग येण्याची. माझा अंदाज असा की तुमचा फोटो विंडोजच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या विंडोजसाठी राखलेल्या भागावर, आहे. दोन्ही सिस्टिम वापरणारे फोटो एकाच जागी ठेवतात आणि त्यात गैर काही नाही. पण मिंटमध्ये ते पार्टिशन तुम्ही लॉगिन करून फाइल मॅनेजरमध्ये त्यावर क्लिक केल्यावरच जोडले जाते. शिवाय ते जिथे दिसते ते 'मीडिया'खालचे फोल्डर तुमच्याच नावाचे आणि फक्त तुमच्यासाठी उघडे असते. लॉगिन स्क्रीनच्या वेळी ते पार्टिशन जोडलेलेच नसते. ग्रीटर सांगितलेल्या पत्त्यावर जातो, तिथे त्याला काहीच सापडत नाही, आणि तो ठरवलेला साधा रंग भरतो. फोटो निवडताना मात्र पूर्वावलोकन व्यवस्थित दिसते, कारण तेव्हा पाहणारे तुम्ही असता.

फोटो मिंटच्याच होम फोल्डरमध्ये असेल तरी हीच अडचण वेगळ्या रूपात येऊ शकते. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्यांची होम फोल्डरे इतरांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली. मिंट उबुंटूवर बेतलेला आहे, पण तुमच्याकडे काय स्थिती आहे ते तपासूनच पाहा. टर्मिनलमध्ये 'नेमआय' ही कमांड 'एल' पर्यायासह द्या आणि पुढे फोटोचा पूर्ण पत्ता लिहा. पत्त्यातल्या प्रत्येक फोल्डरची एकेक ओळ छापली जाते आणि ओळीच्या सुरुवातीला परवानग्या असतात. लोक फोटोच्या फाइलची परवानगी पाहतात, ती सर्वांना वाचण्याची असते, आणि मग कोड्यात पडतात. पण माजघराचे दार सताड उघडे असून काय उपयोग, दिंडी दरवाजालाच अडसर असेल तर? वाटेतल्या एकाही फोल्डरच्या ओळीत परवानग्यांचा शेवटचा गट तीन रेघांचा असेल तर ग्रीटर तिथेच अडतो. होम फोल्डर एनक्रिप्ट केलेले (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असेल तर प्रश्नच मिटला, लॉगिन होईपर्यंत ते कुणालाच वाचता येत नाही.

इथे एक चुकीचा उपाय फार लोकप्रिय आहे: होम फोल्डरच्या सगळ्या परवानग्या सर्वांना देऊन टाकणे, तो प्रसिद्ध ७७७ आकडा. कृपया तसे करू नका. तुमचे सगळे कागदपत्र त्या यंत्रावरच्या प्रत्येक खात्याला उघडे पडतात. शिवाय एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून सुरक्षितपणे जोडण्याच्या सोयीने) त्या यंत्रावर किल्लीने प्रवेश करत असाल तर तोही बंद पडू शकतो, कारण होम फोल्डरमध्ये इतरांना लिहिता येत असेल तर एसएसएच किल्लीवर विश्वास ठेवत नाही. घर उघडे टाकण्यापेक्षा फोटोची एक प्रत बाहेर ठेवा. लिनक्समध्ये त्यासाठी राखलेली जागा आहे: 'यूएसआर' फोल्डरमध्ये 'शेअर', त्यात 'बॅकग्राउंड्स'. ॲडमिनच्या अधिकाराने फोटो तिथे कॉपी करा, परवानगी ६४४ ठेवा (मालकाला लिहिता येते, बाकीच्यांना फक्त वाचता येते) आणि लॉगिन विंडोमध्ये या नव्या प्रतीचा पत्ता द्या. फाइलचे नाव लहान, साधे आणि मधे मोकळी जागा नसलेले ठेवा.

तुमच्याकडे मिंट आहे म्हणून त्याबद्दल इतके लिहिले. बाकीच्यांसाठी थोडेसे. केडीईमध्ये हे काम सर्वांत सरळ आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये लॉगिन स्क्रीनच्या पानावर थीम निवडून तिचे बॅकग्राउंड बदलता येते. बदल थीमच्या मूळ फाइलमध्ये न लिहिता शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिला जातो, त्यामुळे अपडेटमध्ये तो पुसला जात नाही. ही रचना करणाऱ्याने फार विचार केलेला दिसतो.

जीनोममध्ये उलट आहे. तिथे लॉगिन स्क्रीनचा रंग-रूप शेलच्या (जीनोमच्या दर्शनी भागाच्या) थीममध्ये, एका बांधलेल्या संसाधन-फाइलमध्ये असतो. चित्र बदलायचे तर ती फाइल सोडवायची, आतल्या सीएसएसमधला (रंग-रूपाच्या नियमांमधला) एक नियम बदलायचा आणि पुन्हा बांधायची. मी हे अनेक यंत्रांवर केले आहे, आणि एकदा त्याची किंमतही मोजली आहे. शेलचे मोठे अपडेट आले तेव्हा मी बदललेली जुनी थीम नव्या शेलच्या माथी तशीच राहिली. सकाळी एक एक जण येऊन सांगू लागला की पासवर्डची चौकट दिसत नाही. चौकट होती, पण जुन्या नियमांमुळे तिचा रंग मागच्या चित्रात विरून गेला होता. कंट्रोल, अल्ट आणि एफ३ दाबून साध्या टर्मिनलमध्ये शिरलो आणि जपून ठेवलेली मूळ फाइल परत ठेवली, तेव्हा कुठे काम सुरू झाले. तेव्हापासून मी जीनोमवर हाताने हे करत नाही. उबुंटू २२.०४ पासूनच्या आवृत्त्यांत लॉगिन स्क्रीनच्या चित्रासाठी उबुंटूने स्वतःची वेगळी सेटिंग दिली आहे, ती 'जीडीएम' खात्याच्या वतीने बदलावी लागते. इतरत्र 'जीडीएम सेटिंग्ज' नावाचे छोटे ॲप हे काम करते आणि मूळ रूप परत आणण्याचीही सोय देते.

मॅकवर फारसे करण्यासारखे नाही. लॉगिनची स्क्रीन साधारणपणे वापरणाऱ्याच्या डेस्कटॉप चित्राच्या मागोमाग चालते. फाइलव्हॉल्ट (मॅकची डिस्क कुलूपबंद ठेवण्याची सोय) चालू असेल तर यंत्र सुरू झाल्यावर दिसणारी पहिली स्क्रीन डिस्क उघडण्याच्याही आधीची असते. त्यामुळे नवे चित्र तिथे उशिरा पोचले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आता फोटोबद्दल, कारण तो नीट तयार केलेला नसेल तर बाकी सगळे बरोबर करूनही मन खट्टू होते.

फोटो मॉनिटरच्या मापाचाच करून घ्या. बहुतेक मॉनिटर १९२० बाय १०८०, २५६० बाय १४४० किंवा ३८४० बाय २१६० पिक्सेलचे असतात आणि तिन्हींचे प्रमाण १६:९ आहे. फोनवर आडवा काढलेला फोटो सहसा ४:३ प्रमाणाचा असतो. तो तसाच दिला तर वरचा आणि खालचा भाग कापला जातो, आणि काय कापायचे ते सिस्टिम ठरवते. ते तुम्हीच आधी ठरवा. विंडोज ११ मध्ये लॉक स्क्रीनवर घड्याळ वरच्या मधल्या भागात येते, साइन-इन स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड बरोबर मध्यावर. म्हणजे ज्या फोटोत चेहरा नेमका मध्यभागी आहे तो इथे वाया जातो. चेहरा एका बाजूच्या तृतीयांशात बसेल असा कापा. या स्क्रीनवरची अक्षरे पांढरी असतात, त्यामुळे बर्फ, ढग, पांढरी भिंत असे फोटो सुंदर असूनही त्रास देतात. गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फोटोवर काळ्या रंगाचा एक थर टाका, त्याची अपारदर्शकता २५ ते ३० टक्के ठेवा आणि जेपेगमध्ये निर्यात करा. मूळ फोटोशेजारी ठेवून पाहिला तर किंचित मळकट वाटेल, पण लॉगिन स्क्रीनवर तोच उठून दिसतो.

निर्यात करण्याने आणखी दोन कामे होतात. फोनमधले काही फोटो एचईआयसी प्रकारात असतात आणि अनेक ग्रीटरांना तो प्रकार उघडता येत नाही. फाइलच्या नावाचे शेपूट बदलून प्रकार बदलत नाही. आणि काही ग्रीटर फोटोतली 'हा इतका फिरवून दाखवा' ही नोंद वाचत नाहीत, म्हणून उभा फोटो आडवा पडतो. निर्यात करताना फोटो खरोखर फिरवून साठवला की ही अडचण जाते. तिथेच फोटोत दडलेली ठिकाणाची माहितीही काढून टाका, कारण आता ही फाइल सर्वांना वाचता येईल अशा फोल्डरमध्ये जाणार आहे.

या स्क्रीनला पासवर्ड लागत नाही हेही ध्यानात असू द्या. यंत्राजवळून जाणारा प्रत्येक जण ती पाहतो. लहान मुलांचे गणवेशातले फोटो, मागे घराची पाटी दिसणारे फोटो मी इथे लावत नाही आणि विचारणाऱ्यांनाही लावू देत नाही. 'सापडल्यास या क्रमांकावर कळवा' असा मजकूर हवा असेल तर तो फोटोवर लिहू नका, कापला जाईल. विंडोज आणि मॅक दोन्हींत लॉगिनच्या वेळी संदेश दाखवण्याची स्वतंत्र सोय आहे.

तपासताना एक फसगत होते. मिंटमध्ये स्क्रीन लॉक करून पाहू नका. ती लॉक स्क्रीन तुमच्याच खात्याखाली चालते आणि तुमचाच वॉलपेपर दाखवते, त्यामुळे लॉगिन स्क्रीनबद्दल तिच्यावरून काहीच कळत नाही. लॉग-आउट करून पाहणेही पुरेसे नाही, कारण मघाशी जोडलेले पार्टिशन अजून जोडलेलेच असू शकते. यंत्र पूर्ण बंद करून सुरू करा.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आधी १६:९ प्रमाणाची एक जेपेग प्रत तयार करा. विंडोजमध्ये ती लॉक स्क्रीनला द्या आणि ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स बंद करा. मिंटमध्ये तीच प्रत सिस्टिमच्या बॅकग्राउंड्स फोल्डरमध्ये टाका, लॉगिन विंडोमध्ये तिचा पत्ता द्या, 'ड्रॉ युजर बॅकग्राउंड्स' बंद करा आणि यंत्र रीस्टार्ट करा. तरीही नुसता रंग दिसला तर 'व्हार' फोल्डरमधल्या 'लॉग'मध्ये 'लाइटडीएम' फोल्डर आहे. त्यातली 'सीट-शून्य-ग्रीटर' नावाची लॉग-फाइल ॲडमिनच्या अधिकाराने उघडा आणि तुमच्या फोटोचे नाव शोधा. फाइल सापडली नाही की परवानगी नाकारली, याची खूण बहुधा तिथेच मिळेल. ती ओळ जशीच्या तशी कळवा, पुढचे तिच्यावरून सांगता येईल.